झाकण मिटल्यानंतर

ज्यांचे पोट नदीवर चालते त्यांना थांबणे आणि संपणे यांतला भेद कुणी शिकवावा लागत नाही. आमोण्याच्या धक्क्यांवरून लोहखनिज भरून निघालेल्या बार्जी मांडवीच्या पात्रातून मुरगावकडे जात, आणि पावसाळ्यात आग्वादजवळ नदीच्या मुखाशी वाळूचा बांध येऊन ती वाट बंद झाली म्हणजे कुंभारजुव्याच्या कालव्यातून वळसा घेऊन झुवारीत उतरत. अशा काही बार्जींच्या फेऱ्यांचा, डिझेलचा आणि खलाशांच्या हजेरीचा हिशेब ठेवणाऱ्या एका लहानशा कचेरीत मी कैक वर्षे कारकून होतो. तेथेच लॅपटॉप नावाचे यंत्र मला प्रथम हाताळावयास मिळाले, तेथेच त्याला निजवण्याचा आणि उठवण्याचा नाद लागला, आणि पुढे कचेरीच निजली तेव्हा त्या नादानेच मला दोन वेळचे जेवण दिले. डिचोली आणि पेडणे तालुक्यांतल्या शाळामास्तरांचे, विद्यार्थ्यांचे आणि किरकोळ दुकानदारांचे जुने लॅपटॉप घ्यावेत आणि त्यांवर लिनक्स, क्वचित ओपनबीएसडी, ही कार्यप्रणाली बसवून द्यावी, हा माझा आजचा व्यवसाय आहे, आणि या व्यवसायात सर्वांत अधिक वेळा माझ्या ओसरीवर आलेली तक्रार एकच: "झाकण लावले तेव्हा बरा होता, उघडला तर उठत नाही."

ऐकणाऱ्याला ही तक्रार क्षुल्लक वाटते. झाकण मिटावे आणि यंत्राने झोपावे, यात कौतुक करण्यासारखे काय आहे, असे मलाही एके काळी वाटत असे. परंतु झाकणातला बारीकसा लोहचुंबक त्या घटनेची वर्दी देतो, तेव्हापासून आत जो कारभार सुरू होतो तो एखाद्या मोठ्या सरकारी दप्तराला कुलूप लावण्याइतका किचकट असतो. कर्नल, म्हणजे कार्यप्रणालीचा मूळ कारभारी, प्रथम चालू असलेल्या प्रत्येक प्रोग्रामला आहे त्या जागी थिजवतो. मग एकेक ड्रायव्हर आपल्या ताब्यातल्या उपकरणाची स्थिती टिपून ठेवतो आणि त्याची वीज तोडतो. प्रोसेसरचे एक सोडून बाकीचे गाभे बंद होतात. आणि अखेरीस रॅम तेवढी विजेच्या बारीक धाग्यावर तेवत ठेवून सारे घर अंधारात जाते. झाकण उघडले की हाच क्रम उलटा चालावयाचा असतो, म्हणजे ज्याने शेवटी दिवा मालवला त्याने प्रथम पेटवावयाचा. या रांगेतल्या कोणा एकाला आपली पाळी आली हे कळले नाही, तर त्याच्यामागचे सारे जण हात जोडून उभे राहतात, आणि बाहेर बसलेल्या मालकाला दिसतो तो केवळ काळा पडदा.

पूर्वी ही जबाबदारी इतक्या लोकांत वाटलेली नव्हती. १९९२ मध्ये इंटेल आणि मायक्रोसॉफ्ट यांनी एपीएम नावाची जी पद्धत घालून दिली तीत सारा अंमल बायोसच्या, म्हणजे यंत्रासोबत येणाऱ्या पायाभूत प्रोग्रामच्या, हाती असे. कार्यप्रणालीने फक्त अर्ज करावयाचा आणि बायोसने तो आपल्या मर्जीने मंजूर करावयाचा. डिसेंबर १९९६ मध्ये तोशिबाला बरोबर घेऊन त्यांनीच एसीपीआय आणले आणि वतनदाराचे वतन खालसा व्हावे तसे झाले: कारभार कार्यप्रणालीकडे आला, आणि यंत्र बनवणाऱ्याने आपल्या यंत्राचे सारे कागदपत्र एका लहानशा सांकेतिक भाषेत लिहून बायोसमध्ये ठेवून द्यावेत, ते कार्यप्रणालीने वाचून त्याबरहुकूम वागावे, असे ठरले. कल्पना उत्तम होती. पण ते कागद लिहिणारा माणूस बहुधा विंडोजवर एकदा चालवून पाहतो, चालले की शिक्का मारतो आणि निघून जातो. मसुद्यातल्या चुका मग इतरांनी निस्तरावयाच्या. हे कागदपत्र कार्यप्रणालीला तिचे नाव विचारू शकतात, आणि लिनक्सचा कर्नल त्यांना आपण विंडोज असल्याचे सांगतो, कारण खरे नाव सांगितले तर ज्या वाटेने कधी कुणी गेलेच नाही अशा वाटेला ते त्याला लावून देण्याची धास्ती. आपल्या स्वातंत्र्याविषयी इतक्या अभिमानाने बोलणाऱ्या प्रणालीला रोज सकाळी दारावर दुसऱ्याचे नाव सांगून आत शिरावे लागते, याचे मला प्रथम हसू आले होते. आता येत नाही.

मांडूक्य उपनिषदाने जागृती, स्वप्न, सुषुप्ती आणि तुर्य अशा चार अवस्था सांगितल्या. एसीपीआयने एस-० पासून एस-५ पर्यंत सहा केल्या. त्यांपैकी सामान्य माणसाचा संबंध येतो तो दोहोंशी: एस-३, म्हणजे रॅम जागी ठेवून घेतलेली झोप, आणि एस-४, म्हणजे स्मृतीची अक्षरशः नक्कल डिस्कवर उतरवून विजेचा हात सोडून देणे. एस-५ म्हणजे सरळ बंद. तुर्यावस्थेची तरतूद समितीने केलेली दिसत नाही.

माझा पहिला लॅपटॉप मी कोणाकडून तरी जुना विकत घेतला होता आणि त्यावर उबुंटू नावाचे लिनक्स बसवले होते. त्या काळी उबुंटूच्या तबकड्या मागणी केली की परदेशातून टपालाने फुकट येत. पोस्टमनने तो लिफाफा हाती देताना मला कोर्टाचे काही आले की काय अशा नजरेने पाहिले होते. सारे काही चालले, झोप मात्र चालली नाही. झाकण उघडले की पंखा फिरे, डिस्क कुरकुरे, आणि पडदा काळा राही. आठवडाभर मी ते यंत्र मेले असे समजून बटण दाबून बंद करत असे. मग एकदा गाणे चालू असताना झाकण मिटले गेले, आणि उघडल्यावर काळ्या पडद्यामागून तेच गाणे पुढे सुरू झाले! यंत्र जागे होते. त्याला दृष्टी तेवढी नव्हती. तेव्हापासून आजतागायत, 'उठत नाही' म्हणून कोणी यंत्र आणून टेबलावर ठेवले की मी प्रथम कॅप्स-लॉकची कळ दाबतो. तिचा दिवा लागला तर रोगी जिवंत आहे, आणि तक्रार पडद्याची आहे. मेलेला आणि आंधळा यांत फरक न केल्यामुळे मी त्या आठवड्यात किती वेळा चालत्या यंत्राची वीज तोडली असेल, ते आठवले की ओशाळायला होते.

त्या अंधत्वावर त्या वेळी जे उपाय चालत त्यांना शास्त्र म्हणण्यापेक्षा मंत्रतंत्र म्हणणेच योग्य. व्हीबीई-टूल नावाचा एक प्रोग्राम पडद्याच्या कार्डाला त्याचे जन्मसंस्कार पुन्हा एकदा करवून घेई. कर्नलला बूट होताना 'एस-३ बायोस', 'एस-३ मोड' असे शब्द कानात सांगावे लागत. कोणत्या यंत्राला कोणता मंत्र लागू याच्या लांबलचक याद्या लोकांनी करून ठेवल्या होत्या, आणि मीही माझ्या खतावणीच्या मागच्या पानांवर अशी एक यादी मोठ्या निष्ठेने वाढवीत होतो. मार्च २००९ मध्ये आलेल्या २.६.२९ या कर्नलपासून इंटेलच्या पडद्याचा ताबा स्वतः कर्नलने घेण्यास आरंभ केला, आणि माझी ती पाने दोन वर्षांत रद्दी झाली. ज्याच्याकडे जबाबदारी असावयास हवी होती त्याच्याकडे ती गेल्याबरोबर निम्मे देव्हारे ओस पडले. त्या पानांवर मी जो अभिमान खर्च केला होता तो वाया गेल्याचे दुःख मात्र मला खरोखर झाले, हे कबूल केले पाहिजे.

एस-३ चा विजेचा धागा किती बारीक असतो ते मला चवथीने शिकवले. २०१० चे साल असेल. सणासाठी कचेरी चार दिवस बंद व्हायची होती. घरी माटोळी बांधावयाची घाई होती. मी बार्जींच्या पंधरवड्याच्या फेऱ्यांचा तक्ता अर्धवट, न साठवलेला, तसाच पडद्यावर ठेवून झाकण मिटले आणि चार्जर लावून निघालो. दुसऱ्या रात्री वादळात वीज गेली ती दीड दिवस आली नाही. जुनी बॅटरी तिच्या वयाप्रमाणे काही तास लढली आणि पडली, आणि तिच्याबरोबर रॅममधला तक्ताही. तांडेलांच्या मळक्या वह्या पुन्हा गोळा करून तो तक्ता नव्याने लिहिण्यात मला सहा दिवस लागले, आणि मालक एक शब्दही बोलले नाहीत, ही त्यांतली सर्वांत जड शिक्षा होती.

त्यानंतर मी एस-४ च्या नादी लागलो. त्यासाठी डिस्कवर स्वॅपची जागा पुरेशी राखावी लागते, आणि ती जागा कोठे आहे हे कर्नलला बूट होतानाच सांगून ठेवावे लागते. न सांगितल्यास तो बिचारा निरागसपणे नव्याने दिवस सुरू करतो आणि काल ठेवलेली सारी ठेव बुडते. दुसरा धोका याहून मोठा आहे. एका विद्यार्थ्याच्या यंत्रावर दोन कार्यप्रणाली होत्या. त्याने एक गाढ झोपवली, दुसरी चालू करून सामाईक कप्प्यात फाइली लिहिल्या, आणि मग पहिलीला उठवले. पहिलीला आपण झोपेत असताना घरात कोणी वावरून गेले याची गंधवार्ता नव्हती. तिने आपल्या जुन्या समजुतीप्रमाणे लिहावयास घेतले आणि दोघींनी मिळून कप्प्याची माती केली. आता मी बहुतेक यंत्रांवर प्रथम एस-३ आणि ठरावीक अवधीनंतर आपोआप एस-४ अशी योजना करून देतो; सिस्टमडीमध्ये २०१८ पासून ती नीट करता येते, आणि पावसाळ्यात ज्यांच्या वाडीवर वीज लपंडाव खेळते त्यांना तिचे मोल सांगावे लागत नाही.

मग १० सप्टेंबर २०१२ रोजी राज्य शासनाने गोव्यातल्या खाणी स्थगित केल्या आणि ५ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाचा हुकूम झाला. बार्जी नांगरून पडल्या. शासनाच्या हुकमात शब्द 'तात्पुरते' असाच होता, म्हणून आमच्या मालकांनी कचेरी बंद केली नाही, फक्त खुर्च्यांवर कापड घातले. २१ एप्रिल २०१४ रोजी न्यायालयाने वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घालून बंदी उठवली. परंतु हुकूम उठला म्हणून बार्ज उठत नाही. दीड-दोन वर्षे खाऱ्या-गोड्या पाण्यात पडलेले इंजिन कसे जागे करतात ते पाहावयास एका वृद्ध मेकॅनिकबरोबर मी तेव्हा गेलो होतो, आणि त्या सकाळचा मला जितका उपयोग झाला तितका कोणत्याही पुस्तकाचा झाला नाही. त्यांनी किल्ली लावलीच नाही. प्रथम तेल काढून नवे भरले. मग इंजिन हाताने, लोखंडी दांड्याने, अर्धा फेरा फिरवून पाहिले. मग डिझेलच्या नळ्यांतली हवा काढली. मग पाण्याचा पंप एकटा फिरवला. प्रत्येक वेळी थांबून कान लावला. मी उतावीळपणे विचारले, "बाब, एकदा सुरू करूनच बघूया की, बिघाड असला तर कळेल." ते म्हणाले, "कळेल तर खरं, पण कुठला ते कळणार नाही."

घरी येऊन मी कर्नलची कागदपत्रे काढली. त्यांत 'पीएम-टेस्ट' नावाची एक सोय आहे, ती मी पूर्वी वाचून सोडून दिली होती. तिच्यात फ्रीझर, डिव्हाइसेस, प्लॅटफॉर्म, प्रोसेसर्स आणि कोअर अशा पाच पायऱ्या आहेत; सांगाल त्या पायरीपर्यंतच यंत्र झोपेकडे उतरते, पाच सेकंद थांबते आणि माघारी वर येते. केवळ प्रोग्राम थिजवून उठते का? उठते. उपकरणे निजवून उठते का? नाही उठत, म्हणजे दोषी कोणी ड्रायव्हर आहे, बायोसला शिव्या देण्याचे कारण नाही. मग एकेक ड्रायव्हर आधी उतरवून पुन्हा पाहावयाचे. असे केले असता माझ्या अनुभवात बहुतेक वेळा वायफायचे कार्ड किंवा यूएसबीचा एखादा भाग हाती सापडतो, आणि निजण्यापूर्वी त्याचा ड्रायव्हर काढून उठल्यावर परत घालणारी चार ओळींची स्क्रिप्ट लिहिली की प्रकरण मिटते. या पद्धतीपूर्वीची माझी सहा-सात वर्षे किल्ली फिरवून बघण्यात गेली.

जेथे पायऱ्यांनीही काम भागत नाही तेथे 'पीएम-ट्रेस' आहे. लिनस टोरव्हाल्ड्स याने २००६ मध्ये लिहिलेली ही युक्ती इतकी खट्याळ आहे की तिचे वर्णन केल्यावाचून पुढे जाववत नाही. यंत्र उठता उठता मधेच गारठले म्हणजे पडदा नसतो, डिस्क नसते, आणि वीज तोडल्यावर रॅममधला पुरावाही जातो. वाचते ती फक्त आतली घड्याळाची चिप, कारण तिला स्वतःची बॅटरी असते. तेव्हा प्रत्येक पायरीला कर्नल आपण कोठवर आलो त्याची खूण त्या घड्याळातच लिहितो. पुन्हा बूट केले की घड्याळात वाटेल ते साल आणि वाटेल तो महिना असतो, आणि त्या निरर्थक तारखेवरून कर्नल सांगतो की अमुक उपकरणाशी गाडी अडली. मृताने स्वतःच्या रक्ताने भिंतीवर मारेकऱ्याचे नाव लिहावे तशातला हा प्रकार.

साखळीच्या एका व्यापाऱ्याचा हिशेबाचा लॅपटॉप मी या युक्तीने बरा केला. मारेकरी सापडला, स्क्रिप्ट लिहिली, यंत्र सुरेख झोपू-उठू लागले. घड्याळ मात्र परत लावावयाचे मी विसरलो. त्यांच्या दुकानात त्या वेळी इंटरनेट नव्हते, म्हणून तारीख आपोआप दुरुस्त होण्याचाही मार्ग नव्हता. दुसऱ्या दिवशी त्यांनी उधारीची यादी काढली, तेव्हा सारा गाव एका रात्रीत कित्येक वर्षांचा थकबाकीदार ठरला होता. त्यांनी फोन केला, आणि अतिशय मृदू स्वरात विचारले, "बाब, एवढ्या वर्षांचं व्याज लावू, की तुम्ही येताय?" मी गेलो, दिवसभर बसून नोंदी एकेक करून सुधारल्या, आणि मजुरी घेतली नाही.

उठत नाही त्याहून अवघड तक्रार म्हणजे न सांगता उठतो. आमोण्याचे ग्रामदैवत बेताळ. गोव्यातला बेताळ रात्री गावाची फेरी करतो आणि चालून चालून त्याच्या वहाणा झिजतात, म्हणून भक्त त्याला नव्या वहाणा वाहतात, ही आमच्याकडची जुनी श्रद्धा आहे. पणजीला नोकरीला जाणाऱ्या एका गृहस्थांचा लॅपटॉप कदंबच्या बसमध्ये पिशवीतल्या पिशवीत जागा होई आणि उतरेपर्यंत तव्यासारखा तापे. त्यांच्या आईने निदान करून टाकले होते की यंत्रात बेताळाचा संचार आहे. मी 'वेकअप' नावाच्या फाइलीत पाहिले. कोणाकोणाला यंत्र उठवण्याची इजाजत आहे त्याची यादी तेथे असते. तीत यूएसबीच्या नियंत्रकाला परवाना होता, आणि पिशवीच्या दाबाने यूएसबीला लावून ठेवलेला माउस ढकलला जात होता. परवाना रद्द केला. पंधरवड्याने गृहस्थ पुन्हा हजर, यंत्र पुन्हा गरम. कारण असे की या फाइलीत नाव लिहिले की परवाना असला तर जातो आणि नसला तर मिळतो. माझी स्क्रिप्ट एकदा चालायची ती प्रत्येक उठण्याबरोबर चालत होती, आणि परवाना एका उठण्याआड परत देत होती. म्हणजे बेताळाला वहाणा मीच पुरवीत होतो.

ओपनबीएसडीकडे मी वळलो तो या साऱ्या स्क्रिप्टांना कंटाळून. कॅनडातल्या कॅलगरीहून थिओ डी राट याने १९९५ मध्ये सुरू केलेली ही प्रणाली. तिच्यात निजवण्याच्या आज्ञेचे नाव लहान लिपीतले तीन झेड, आणि एस-४ च्या गाढ झोपेसाठी तेच तीन झेड मोठ्या लिपीत. इंग्रज माणूस असा घोरत असेल. आमच्याकडे निराळे घोरतात. ती सेवा चालवणाऱ्या प्रोग्रामचे नाव अजूनही एपीएमडी, जरी आत कारभार एसीपीआयचा असला तरी; पोर्तुगीज अमदानी १९६१ मध्ये संपली तरी गावकीची कोमुनिदाद त्याच नावाने नांदते तसेच हे. झाकण मिटल्यावर काय करावे ते एका सिस्कटलच्या अंकाने ठरते, आणि निजण्याआधी व उठल्यावर करावयाची कामे एका ठरावीक जागी दोन फाइलींत लिहितात, बस्स. जी यंत्रे ही प्रणाली लिहिणाऱ्या मंडळींनी स्वतः वापरली त्यांवर हे इतके शांतपणे चालते की मला काम उरत नाही. ज्या यंत्रांच्या वायफायला ड्रायव्हरच नाही, तेथे मात्र कोणतीही शांतता उपयोगाची नाही, आणि गिऱ्हाईक लिनक्सवरच परत जाते. मी माझ्या टेबलावर ओपनबीएसडी ठेवली आहे. सर्वांना द्यावी असा आग्रह आता धरत नाही.

सर्वोच्च न्यायालयाच्या ७ फेब्रुवारी २०१८ च्या निकालाने ८८ खाणपट्टे रद्द झाले आणि १६ मार्चपासून खाणकाम पुन्हा थांबले. या वेळी मालकांनी खुर्च्या विकल्या. मी कचेरीचा जुना लॅपटॉप मागून घेतला, त्याची बॅटरी बदलली, आणि पूर्णवेळ याच धंद्यात पडलो.

नव्या यंत्रांनी आता निराळाच पेच घातला आहे. त्यांतल्या पुष्कळांच्या बायोसमधून एस-३ ची वहिवाटच काढून टाकलेली असते. कर्नलला कोणकोणती झोप येते असे विचारले, तर पूर्वी 'डीप' असे उत्तर येई तेथे आता 'एस-टू-आयडल' एवढेच येते, म्हणजे मोबाइल फोनासारखी अर्धवट डुलकी: सारी वीज एकदम तोडली जात नाही, प्रत्येक भागाने आपापल्या मनाने कमीत कमी खावे इतकीच अपेक्षा. एकाने जरी खाणे सोडले नाही तरी सकाळपर्यंत बॅटरी निम्मी. काही यंत्रांच्या बायोसमध्ये लिनक्ससाठी जुनी झोप निवडण्याची सोय ठेवलेली असते. ती असेल तर दोन मिनिटांचे काम. नसेल तर सरळ एस-४ करा असे मी सांगतो, आणि उठण्यास लागणारे अर्धे मिनिट सोसा. तरुण मुलांना ते सोसत नाही. त्यांचा जन्मच झाकण उघडण्याआधी उठणाऱ्या यंत्रांच्या काळातला.

खांडोळ्याच्या बाजूची एक कॉलेजकन्यका मागच्या आठवड्यात असेच एक यंत्र देऊन गेली आहे. दहा वेळा झोपते, अकराव्या वेळी गारठते, कधी विसाव्या. असल्या लहरी रोग्यासाठी मी 'आरटीसी-वेक'ची शंभर फेऱ्यांची परीक्षा ठेवली आहे: यंत्राने घड्याळाचा गजर लावून झोपावे, मिनिटाने आपोआप उठावे, फाइलीत एक ओळ लिहावी, आणि पुन्हा झोपावे. रात्री माजघरात त्याचा दिवा लागतो आणि विझतो. घरच्या मंडळींनी त्याकडे पाठ करून झोपण्याची सवय करून घेतली आहे. आज सकाळी मी फाइल उघडली तर तीत ६३ ओळी होत्या. पंखा फिरत होता, कॅप्स-लॉकचा दिवा लागत नव्हता. मुलीची परीक्षा सोमवारी आहे, आज शुक्रवार. पीएम-ट्रेस लावून मी ते पुन्हा झोपवले आहे, आणि या वेळी घड्याळ परत लावण्याची आठवण म्हणून त्याच्या झाकणावर कागद चिकटवला आहे.